अर्थिंगसाठी जागा पाहिजे

सन्माननीय व्याहीबुवा यांस,

वाकून नमस्कार करणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला हा नमस्कार गोड मानून घ्यावा. (कंबर का धरली ते पुढे येईलच.) आपली तब्येत कशी आहे? डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं ते थांबलं का? घड्याळाची ती बारीक चक्रं बघताना भिंग आलटून पालटून लावत जा, असं सूनबाई सांगत होती. ती दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते, तेव्हा या बाबतीत तिचं ऐकावं असं माझं मत आहे. आमच्याकडे सर्व मंडळी खुशाल आहेत. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवतो आहे. पुढे वाचताना कुठे छातीत धडधडलं, तर परत इथे यावं, हे वाक्य वाचावं, घोटभर पाणी प्यावं आणि मगच पुढे जावं.

आपल्याला वाटेल, एवढं होतं तर फोन का नाही केला. केला असता. पण मी फोनवर बोलायला लागलो की ही (म्हणजे आपल्या विहीणबाई) शेजारी येऊन उभी राहते आणि माझं प्रत्येक वाक्य सुटल्याबरोबर दुरुस्त करते, त्यामुळे पलीकडच्या माणसाला एकाच वेळी दोन हकिकती ऐकू येतात आणि तो घाबरून ठेवून देतो. शिवाय ही गोष्ट तुमच्या कानावर माझ्याकडूनच जायला हवी. चिरंजीवांकडून गेली तर ते "काही विशेष नाही, जरा वायरिंगचं काम निघालं होतं" एवढ्यावर उरकतील. (नोकरीनिमित्त महिन्याचे निम्मे दिवस ते बाहेरगावी असतात आणि उरलेले निम्मे झोपेत. हे काम निघालं तेव्हा ते बाहेरगावी होते. घरी असते तरी फरक पडला नसता.)

तर झालं असं. आमच्या फ्रिजला करंट येत होता. आता घाबरू नका. पहिला परिच्छेद आठवा. करंट मारून टाकणारा नव्हता, चिमटा काढणारा होता. पण ओल्या हाताने, अनवाणी पायाने फ्रिज उघडला की चांगला खांद्यापर्यंत झटका बसायचा. आमच्या हिला तो कधीच जाणवला नाही, कारण स्वयंपाकघरात ती रबरी चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मला जाणवला नाही, कारण रक्तात साखर निघाल्यापासून फ्रिजला हात लावायची मला बंदी आहे. राहिली कोण? आपली कन्या. तिला झटके बसत होते. आणि व्याहीबुवा, ती कुणाला काही बोलली नाही!

मला कळलं ते असं. एके सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात पेपर घेऊन उभा होतो (साखरेचा डबा कुठे ठेवलाय याचा अंदाज घेत होतो, पण ते असो). बघतो तर सूनबाई फ्रिजसमोर उभी, हातात लाटणं. मला वाटलं, झुरळ दिसलं असेल. पण तिने लाटण्याचं टोक हँडलमध्ये अडकवलं, अलगद ओढून दार उघडलं, दूध काढलं, लाटण्यानेच दार लोटलं आणि लाटणं नीट पुसून जागेवर ठेवलं. हे सगळं इतक्या सराईतपणे, की जणू तुमच्याकडे फ्रिज असाच उघडायची पद्धत आहे. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "काही नाही, सवय झालीये." कसली सवय? मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. मी म्हटलं, अगं पण सांगायचं नाही का? तर खाली बघून म्हणाली, "तुमचंच वायरिंग आहे ना घराचं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

व्याहीबुवा, उभा जन्म मी वायरमनकी केली. गिरण्या, दवाखाने, शाळा, दोन सिनेमागृहं, एवढ्या इमारतींना मी अर्थिंग करून दिलं. माझ्या अर्थिंगवर वीज पडली तर ती जमिनीत जाताना दिलगिरी व्यक्त करून जाते, असं लोक म्हणायचे. (लोक म्हणजे मी आणि माझा भागीदार.) आणि माझ्या घरात, दिव्याखाली अंधार म्हणतात तसा, माझी सून माझी लाज राखण्यासाठी लाटण्याने फ्रिज उघडत होती. मी पेपर खाली ठेवला आणि तिला रागावलो. हो, तुमच्या मुलीला रागावलो, ते लपवत नाही. या घरात झटका बसला तर ओरडायचं, कुणाचंही वायरिंग असलं तरी ओरडायचं, असं मोठ्या आवाजात सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मग मी घाईघाईने न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून थोडा वेळ बसलो.

फ्रिजमधली सोललेली वायर मी तेव्हाच्या तेव्हा बदलली. झटके थांबले. पण खरं दुखणं वेगळंच होतं. वायर सोलली तरी चुकार करंटाने निमूटपणे जमिनीत उतरायला हवं, माणसाच्या अंगावर यायचं कारण नाही. त्यासाठीच तर अर्थिंगचा रॉड असतो. आमचा जुना रॉड घराच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीत होता. लग्नाच्या आधी चिरंजीवांसाठी तिथेच नवी खोली काढली, आणि रॉड गेला खोलीखाली. वर फरशी, पावसाचा थेंब जाईना, माती वाळून खडखडीत. रॉड होता जागेवरच, पण निवृत्त साहेबासारखा: नाव पाटीवर, काम शून्य. म्हणजे नवे रॉड ठोकायला हवेत. आणि ठोकायचे तर कुठे, यावर घरात जी चर्चा झाली तेवढी तुमच्या मुलीच्या स्थळावरसुद्धा झाली नव्हती.

नियम तसे सोपे आहेत. रॉड घराच्या पायाला चिकटून नको, भिंतीपासून निदान हातभर तरी लांब हवा. वरच्या पत्र्याच्या आडोशाला नको, पाऊस पोचेल अशा जागी हवा. मीटरच्या जवळ हवा, म्हणजे वायर लांबत नाही. गॅसची नळी, पाण्याचा पाइप यांच्या वाटेला जायचं नाही. माती ओलसर हवी. आणि रॉड दोन हवेत, एकमेकांपासून रॉडच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर, नाहीतर दोघं मिळून एकाचंच काम करतात. हे मी हिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोठीच्या खोलीत कोपऱ्यात ठोकलं तर? दिसायला नको कुणाला." मी पुन्हा समजावलं. मग ती म्हणाली, बरं, घराबाहेर म्हणताय तर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. तिथे गॅसची नळी आहे. मग कपडे वाळत घालायच्या तारेखाली. तिथे येताजाता ठेच लागणार. शेवटी ती म्हणाली, तुम्हाला जर सगळं ठाऊकच आहे तर मला विचारता कशाला. (मी विचारलं नव्हतं.)

मी घराभोवती एक फेरी मारली. ठिकठिकाणची माती उकरून मुठीत दाबून बघितली. आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात सुरुवात केली. माझा भागीदार आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही, त्यामुळे रॉड धरायला हीच उभी राहिली. हातात सांडशी, सांडशीत रॉड, डोळे घट्ट मिटलेले. एवढ्या संसारात मी घण उचललेला असताना ती माझ्यासमोर उभी राहिली, हा विश्वास म्हणावा की बेपर्वाई, मला ठरवता आलं नाही. रॉड गुडघाभर सरसर गेला आणि मग टण्ण! खाली कातळ. असं झालं तर रॉड तिरपा ठोकतात, म्हणून तिरपा ठोकला. तो छान जायला लागला. मी खूश. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी नम्रपणे हाक मारून सांगितलं की तुमचं काहीतरी इकडे बाहेर येतंय. रॉड कातळावरून घसरत, वळत, फाटकापलीकडे रस्त्याच्या कडेला नाक वर काढून उभा होता! ही डोळे उघडून म्हणाली, "जमिनीलाही नकोय तो."

दुसरी जागा घराच्या मागे, कुंपणालगत. तिथे माती बरी होती, जरा जास्तच बरी होती, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. तिसऱ्या घावाला जमिनीतून कारंजं उडालं. हा पाइप शेजारच्या दंतवैद्यांचा. तो आमच्या हद्दीतून गेला आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांनाही माहीत नव्हतं, फक्त पाइपाला माहीत होतं. त्या वेळी त्यांच्या खुर्चीवर एक बाई तोंडात औषध घेऊन चूळ भरण्याच्या बेतात होत्या आणि नळाचं पाणी गेलं. डॉक्टर हातमोजे घातलेल्या अवस्थेत कुंपणाशी आले, मागोमाग त्या बाई गाल फुगवून आल्या. बाईंनी इकडेतिकडे न बघता आमच्या कारंज्यावर चूळ भरली, "थँक्यू" म्हणाल्या आणि परत गेल्या. डॉक्टर मात्र उभे राहिले. चिखलाने माखलेल्या माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही या कामाला माणूस का नाही लावत?" व्याहीबुवा, मला! ही मागून म्हणाली, "माणूसच आहेत हो ते. जरा विश्रांती झाली की करतील नीट." पाइप मी सांधून दिला, पण मनाला जे भोक पडलं ते सांधलं गेलं नाही.

आता तुम्ही बारीक कामातले माणूस आहात, तुमच्या ध्यानात आलंच असेल की एवढ्या अनुभवी वायरमनने कातळ आणि पाइप शोधत का फिरावं. तर ऐका. पहिल्याच फेरीत मला उत्तम जागा सापडली होती. मीटरच्या शेजारच्या भिंतीपासून दीड-दोन हात लांब, पाऊस थेट पडेल अशी, खाली ना नळी ना पाइप, आणि माती अशी ओलसर की मुठीत दाबली तर बोटांच्या खुणा धरून राहते. सबंध आवारात तशी माती नाही. ती तशी आहे, कारण भाजी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, कुणाच्या पेल्यात उरलेलं पाणी तुमची मुलगी रोज तिथे नेऊन ओतते. तो तिचा वाफा आहे. आणि वाफ्यात मधोमध तो गुलाब आहे. तुमच्या दारातल्या, तिच्या आईंनी लावलेल्या झाडाची फांदी तुम्ही पत्र्याच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून इतक्या लांब घेऊन आला होतात, तो. तिच्या आईंना मी एकदाही बघितलं नाही, लग्न ठरायच्या आधीच त्या गेल्या. पण संध्याकाळी कामावरून आल्यावर ही मुलगी चपला काढण्याआधी त्या झाडापाशी जाऊन उभी राहते, ते मी खिडकीतून वर्षभर बघतो आहे. तिथे मी घण घेऊन जाऊ? मुठीतली माती मी होती तिथे परत ठेवली, वरून थोपटली आणि फाटकाकडे गेलो. हिलासुद्धा बोललो नाही.

दंतवैद्यांच्या प्रकरणानंतर मी पायरीवर बसलो होतो. कंबर धरली होती. सूनबाई कामावरून आली. झाडापाशी गेली नाही, थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी तशीच.

"वाफ्यात का नाही ठोकला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तिथली माती बरोबर नाही.

"परवा तुम्ही तिथली माती हातात घेतलीत तेव्हा हसलात. मी खिडकीतून बघत होते. बाकी कुठेच नाही हसलात."

मी म्हटलं, सूर्य डोळ्यांवर होता.

"मी फ्रिजचं सांगितलं नाही तर तुम्ही मला एवढे रागावलात," ती म्हणाली. "मग हे तुम्ही का नाही सांगितलंत?"

आता यावर काय बोलायचं? ही दारात उभी राहून ऐकत होती. तिने माझं वाक्य दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण दुरुस्त करायला वाक्यच नव्हतं, म्हणून मिटलं. मी एवढंच पुटपुटलो की अगं, ते झाड तुझ्या आईचं आहे, मुळाला धक्का लागला म्हणजे? सूनबाईने एकदा झाडाकडे बघितलं. मग म्हणाली, "आई असती तर तिने आधी फ्रिज बघितला असता, मग झाड." आणि पिशवी पायरीवर ठेवून तिने बाह्या सारल्या.

मुळं कुठवर गेली आहेत हे तिनेच बोटांनी माती चाचपून बघितलं. (ती बोटं तुमची आहेत, व्याहीबुवा. माती अशी बाजूला करत होती, की आत घड्याळच आहे.) झाडापासून टीचभर अंतर सोडून तिने जागा दाखवली. सांडशी नको म्हणाली, दोन्ही हातांनी रॉड धरला, लांबून, हात ताठ करून, आणि डोळे उघडे ठेवून. मी इतक्या बेताने घण घालत होतो की ही म्हणाली, अहो, दार ठोठावताय की रॉड ठोकताय? दोन-चार घावांनंतर सूनबाई रॉडवर डोळा रोखून म्हणाली, "बाबा, डावीकडे झुकतोय. किंचित." घण माझा वर गेलेला होता. तो मी सावकाश खाली टेकवला आणि तोंडावरचा घाम पुसला. पुष्कळ घाम होता, पार डोळ्यांपर्यंत आला होता. मग रॉड किंचित उजवीकडे घेतला आणि पुढचे घाव घातले. लोण्यात सुरी जावी तसा गेला तो. दुसरा रॉड त्याच ओळीत, वाफ्याच्या पलीकडच्या टोकापासून पुढे, मोजून अंतर सोडून ठोकला. दोन्हींना वायर जोडली, माथ्यावर झाकणं बसवली आणि अर्थिंग मोजायचं मीटर लावून बघितलं. असं झकास अर्थिंग मी दवाखान्यांनासुद्धा करून दिलं नव्हतं. मी सूनबाईला काटा दाखवला. तिला त्यातलं काही कळत नाही, पण ती काट्याकडे बघून हसली, आणि मग फ्रिज उघडायला आत पळाली. ओल्या हाताने, अनवाणी. मी मागून ओरडलो, अगं, हे असं मुद्दाम करून बघायचं नसतं! ती आतून म्हणाली, "तुम्हीच केलंय ना?"

झाड ठीक आहे. ते मी सकाळ-संध्याकाळ बघतो आहे. रॉडची माती ओली राहावी म्हणून आता दोन पेले पाणी मीही घालतो. कुणी विचारलं तर अर्थिंगसाठी घालतो असं सांगतो. आपण काळजी करू नये. आपल्या कन्येचं माहेरचं झाड, सासरचा फ्रिज आणि मधला माणूस, तिन्ही सुखरूप आहेत. दुकान बंद ठेवून चार दिवस इकडे येण्याचं मनावर घ्यावं. आमच्या भिंतीवरचं घड्याळही मागे पडतं, हे निमित्त पुरेसं आहे.

आपला,
व्याही

ता. क. १ : दंतवैद्यांशी आता बोलणं पूर्ववत सुरू झालं आहे. त्यांनी आपल्या दवाखान्याचं अर्थिंग बघून द्याल का, असं विचारलं. मी म्हटलं, बघतो, सध्या विश्रांती चालू आहे.

ता. क. २ : एक बारीकशी गोष्ट राहिली. खरं तर पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, वाटेत भलतंच वाढत गेलं. सूनबाई मला "बाबा" म्हणाली, ते वर आपण वाचलंत. वर्षभरात तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. "चहा ठेवलाय", "फोन आलाय", असं हवेत बोलायची आणि आसपास मीच असल्यामुळे मी समजून घ्यायचो. म्हणून ही शंका. माणसाला ठेच लागली की समोर आई नसतानाही तोंडातून "आई गं" निघतं. तसं गडबडीत तिने तुम्हाला हाक मारली आणि ती वाटेत मला लागली, असं तर नसेल? शब्द मुळात तुमचा आहे. हक्काची वस्तू न विचारता वापरणं मला प्रशस्त वाटत नाही. तेव्हा (अ) आपली हरकत आहे का, आणि (ब) फोनवर बोलताना सहज, आडून आडून, तिच्याकडून काढून घेता येईल का, की ती हाक समजून मारलेली होती की चुकून. चुकून असेल तर तसं मोकळेपणी कळवावं. मी काही मनाला लावून घेणार नाही. फक्त सावकाश कळवावं, घाई नाही.

ता. क. ३ : हे पत्र सूनबाईला दाखवू नये. पाकिटाचा डिंक धरत नाहीये, म्हणून ते चिकटवायला आणि जाताना पेटीत टाकायला तिच्याकडेच देतो आहे, पण ती दुसऱ्यांची पत्रं वाचणाऱ्यातली नाही.

ता. क. ४ (वेगळ्या अक्षरात) : बाबा, मी वाचलं. पाकिटातून "लाटणं" हा शब्द दिसला, मग राहवलं नाही. फ्रिजचं तुम्हालाही सांगितलं नव्हतं, त्याबद्दल तुम्ही फोनवर रागवालच, ते ऐकून घेईन. हाक चुकून नव्हती. कधीची मारायची होती, पण एकदम कशी सुरुवात करायची तेच कळत नव्हतं. त्या दिवशी हात अडकलेले होते म्हणून जमलं. तुमची हरकत नाही असं मी धरून चालले आहे. तुम्ही दोघं एकत्र असाल तेव्हा जो आधी वळून बघेल त्याचं काम. आत्ताच बाहेरून त्यांनी विचारलं, "पाकीट चिकटलं का गं?" मी म्हटलं, "हो बाबा." बाहेर काहीतरी जड वस्तू पडल्याचा आवाज आला आहे. बघून येते.